सुमित नागलची कारकीर्द आणि शंभराव्या क्रमांकाच्या आसपासचे टेनिस

पूर्णाकाठ (दर्यापूर) :

मी दर्यापूर तालुक्यातील एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे क्रिकेट आणि कबड्डीपुढे टेनिसचा विचार फारसा होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या अधिकारी क्लबचे जुने कोर्ट असते, संध्याकाळी नोकरदार मंडळी तेथे खेळतात, एवढाच या खेळाशी बहुतेकांचा संबंध. तरीही मुलाने किंवा मुलीने टेनिस हाच व्यवसाय म्हणून पत्करला तर पुढे काय होते, असे विचारणारे पालक अलीकडे भेटू लागले आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर फेडरर, नदाल आणि सानिया मिर्झा असतात. ही उदाहरणे खरी असली तरी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते उत्तर मला सुमित नागलच्या कारकिर्दीत सापडते, म्हणून ती येथे सविस्तर मांडतो.

सुमितचा जन्म १९९७ सालचा, हरियाणातील झज्जर जिल्ह्यातला. वडील शिक्षक होते. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास महेश भूपतीच्या प्रशिक्षण योजनेत त्याची निवड झाली आणि नंतर सरावासाठी तो आधी कॅनडात व पुढे जर्मनीत राहिला. २०१५ साली व्हिएतनामच्या ली होआंग नामच्या साथीने त्याने विम्बल्डनमध्ये मुलांच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. वर्तमानपत्रांत अशा मुलांचे छायाचित्र येते ते या टप्प्यावर, आणि खरा कठीण काळ सुरू होतो तोही याच टप्प्यावर, कारण कनिष्ठ गटातील विजेतेपदाचा वरिष्ठ गटाच्या क्रमवारीत काहीही उपयोग होत नाही. तेथे प्रत्येकाला पहिल्या गुणापासून सुरुवात करावी लागते.

२०१७ मध्ये बंगळुरूला त्याने पहिली चॅलेंजर स्पर्धा जिंकली. चॅलेंजर म्हणजे एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) मुख्य स्पर्धांच्या खालची पायरी, आणि तिच्याही खाली आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या स्पर्धा. ऑगस्ट २०१९ मध्ये पात्रता फेरीतून अमेरिकन ओपनच्या मुख्य फेरीत पोहोचल्यावर पहिल्याच सामन्यात समोर रॉजर फेडरर आला आणि सुमितने पहिला सेट ६-४ असा घेतला. पुढचे तीन सेट १-६, २-६, ४-६ असे गेले. २०२० मध्ये त्याच स्पर्धेत ब्रॅडली क्लानला हरवून त्याने ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातील चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीत, एकेरीच्या मुख्य फेरीचा सामना जिंकला. भारतीय पुरुषाने असा सामना जिंकण्याला तेव्हा सात वर्षे उलटली होती. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये डेनिस इस्टोमिनवर मात करून, झीशान अली (१९८८) आणि लिअँडर पेस (१९९६) यांच्यानंतर १९८८ पासूनच्या ऑलिम्पिकमध्ये एकेरीचा सामना जिंकणारा तो तिसरा भारतीय पुरुष ठरला.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि क्रमवारीत तो पाचशेच्या पलीकडे फेकला गेला. २०२३ मध्ये रोम आणि टांपेरे येथील चॅलेंजर जिंकून तो सावरू लागला, परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने मुलाखतीत सांगितले की आपल्या खात्यात ९०० युरो, म्हणजे साधारण ऐंशी हजार रुपये, उरले आहेत. त्या वेळी तो एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू होता.

चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, १३७ व्या क्रमांकावरच्या याच खेळाडूने मेलबर्नमध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, पात्रता फेरीचे तीन सामने जिंकले आणि मुख्य फेरीत ३१ वे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला ६-४, ६-२, ७-६ असे सरळ हरवले. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा याआधीचा भारतीय पुरुष होता रमेश कृष्णन, ज्याने १९८९ साली त्याच स्पर्धेत मॅट्स विलँडरला नमवले होते. पस्तीस वर्षांचा हा खंड पाहिला की सुमितच्या त्या सामन्याचे मोल कळते. पुढच्याच महिन्यात चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरांत आला, जूनमध्ये हाइलब्रॉनची जिंकली आणि जुलै २०२४ मध्ये ६८ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत तो खेळला. २०२५ मध्ये मात्र पुन्हा घसरण झाली आणि वर्षाच्या मध्यापर्यंत तो पहिल्या दोनशेंच्याही बाहेर गेला.

जाणकारांनी यात भर घालावी, विशेषतः पैसा आणि दुखापत या दोन बाजूंनी.

नीलिमा (वणी) :

सर, लेख वाचला आणि एका वाक्यावर थांबले. देशात पहिला असलेल्या खेळाडूच्या खात्यात ऐंशी हजार रुपये कसे काय राहतात? त्याला बक्षिसे मिळत नव्हती का, की मिळालेला पैसा कुठे जात होता? आमच्या घरी बारा वर्षांची मुलगी टेनिस खेळते, त्यामुळे मला हे मुळापासून समजून घ्यायचे आहे.

हिशेबनीस (अमरावती) :

नीलिमाताई, बक्षिसे मिळत होती. त्याच मुलाखतीच्या वेळी आलेल्या माहितीनुसार २०२३ मध्ये तोवर २४ स्पर्धा खेळून त्याने सुमारे ६५ लाख रुपये कमावले होते. त्यातही सर्वांत मोठी रक्कम अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीत पहिलाच सामना हरल्यावर मिळालेली, २२ हजार डॉलरची होती. म्हणजे चॅलेंजर जिंकून जे मिळत नाही ते ग्रँड स्लॅमच्या दारातून परत फिरल्यावर मिळते. आता खर्चाची बाजू पाहा. केवळ एक प्रशिक्षक सोबत घेऊन, फिजिओ न ठेवता वर्षभर फिरायचे तर ८० लाख ते १ कोटी रुपये लागतात असे सुमितनेच सांगितले होते. बक्षिसाची रक्कम, इंडियन ऑइलमधील नोकरीचा पगार आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत हे सगळे त्या फिरण्यात जात होते. वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीतील आपल्या अकादमीत सराव करण्याइतके पैसेही त्याच्याकडे नव्हते आणि सोमदेव देववर्मनसारख्या मित्रांनी त्या काळात मदत केली.

हा आकडा आपल्याकडच्या मापाने सांगतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने ८० लाख रुपये उभे करायला जवळपास एक हजार क्विंटल कापूस विकावा लागेल, आणि कोरडवाहू शेतात एकरी पाच क्विंटल धरले तर ते दोनशे एकरांचे उत्पन्न झाले, तेही बियाणे, फवारणी आणि वेचणीचा खर्च वजा न करता. एका खेळाडूच्या एका वर्षासाठी हे लागते.

सर्वांत खालच्या पायरीवर चित्र आणखी बिकट आहे. आयटीएफच्या पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण दोन हजार डॉलर मिळतात आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दीडशेच्या आसपास. त्यातून आठवड्याचा मुक्कामसुद्धा भागत नाही, विमानाचे तिकीट तर दूरच. याउलट मेलबर्नमध्ये २०२४ साली पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १,२०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि दुसऱ्या फेरीत पोहोचणाऱ्याला १,८०,०००. बुब्लिकला हरवल्यामुळे सुमितच्या पदरात पडलेली रक्कम, कर कापण्याआधी, एक कोटी रुपयांच्या घरात जाते. आदल्या वर्षी दोन डझन स्पर्धांत जे जमले नाही ते एका आठवड्यात जमले.

म्हणून शंभरावा क्रमांक इतका महत्त्वाचा आहे. साधारण पहिले शंभर खेळाडू ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळवतात आणि वर्षातून चार वेळा मोठी रक्कम हमखास हाती येते. १०५ वा आणि ९५ वा यांच्या खेळात फारसा फरक नसतो, उत्पन्नात मात्र प्रचंड असतो. एटीपीने २०२४ पासून एक किमान हमी योजना आणली आहे. २०२४ मध्ये ती हमी अशी होती: पहिल्या शंभरांना वर्षाला किमान तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ पर्यंतच्यांना दीड लाख आणि १७६ ते २५० पर्यंतच्यांना पंचाहत्तर हजार डॉलर, आणि बक्षिसे त्यापेक्षा कमी पडली तर फरक एटीपी भरून देते. ही योजना फार चांगली आहे, पण तिच्या अटी पूर्ण करण्यासाठीही आधी अडीचशेच्या आत यावे लागते.

काटोलचा (काटोल) :

पैशाइतकेच खेळाविषयीही बोलायला हवे. सुमितची उंची पाच फूट दहा इंच आहे. आजच्या पुरुष टेनिसमध्ये सहा फुटांच्या वर असलेले, सर्व्हिसवरच निम्मे काम उरकणारे खेळाडू भरले आहेत. त्याला सर्व्हिसवर फुकटचे गुण फार कमी मिळतात आणि प्रत्येक गुण बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून), पायांच्या बळावर, लांब रॅली खेळून कमवावा लागतो. त्याचा फोरहँड जड आहे, चेंडूला भरपूर टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) असते, आणि म्हणूनच तो मातीच्या कोर्टवर खुलतो, कारण तेथे चेंडू उंच उडतो आणि समोरच्याची सर्व्हिस मंदावते. भारतीय खेळाडू पूर्वी हिरवळीवर आणि नेटजवळच्या खेळात तरबेज असत. अमृतराज, कृष्णन, पेस ही सगळी परंपरा त्या हाताच्या कौशल्याची. सुमित त्या परंपरेतला नाही. रोमची चॅलेंजर जिंकल्यावर युरोपातील मातीवर चॅलेंजर जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला, आणि एप्रिल २०२४ मध्ये मॉन्टे कार्लोला मातेओ अर्नाल्दीला हरवून मातीवरील मास्टर्स (ग्रँड स्लॅमखालोखालच्या) स्पर्धेत एकेरीचा मुख्य फेरीतील सामना जिंकणाराही पहिलाच. त्यानंतर होल्गर रुनकडून तो तीन सेटमध्ये हरला, पण त्या सामन्यात त्याने दिलेली झुंज मला बुब्लिकवरच्या विजयाइतकीच मोलाची वाटते.

अशा खेळाची किंमत शरीर मोजते. प्रत्येक सामना अडीच-तीन तासांचा, प्रत्येक गुणासाठी धाव. २०२५ च्या घसरणीकडे पाहताना हे विसरता येत नाही.

डॉ. विदर्भ (यवतमाळ) :

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, म्हणून दुखापतीविषयी थोडे लिहितो. सुमितच्या प्रकृतीचे तपशील मला माहीत असण्याचे कारण नाही. टेनिसपटूंच्या नितंबाच्या सांध्यावर सर्वसाधारणपणे काय गुजरते तेवढेच सांगतो. आधुनिक फोरहँड पाय बाजूला रोवून मारला जातो आणि त्यात सारी शक्ती कंबरेच्या फिरकीतून येते. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत दर फटक्याला वेगाने फिरतो आणि खोबणीच्या कडेला असलेली कूर्चेची कड वर्षानुवर्षांच्या घर्षणाने फाटते. अँडी मरेसारख्या खेळाडूला २०१९ मध्ये या सांध्यात धातूचे आवरण बसवून घ्यावे लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पूर्ण वेगाने खेळायला सहा महिने ते वर्ष सहज जाते.

एटीपीच्या नियमांत यासाठी ‘संरक्षित क्रमवारी’ अशी सोय आहे. सहा महिने किंवा अधिक काळ बाहेर राहिलेला खेळाडू दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील आपल्या सरासरी क्रमांकावर ठरावीक स्पर्धांत प्रवेश घेऊ शकतो. प्रवेश मिळतो, गुण मात्र परत मिळत नाहीत, आणि सराव, फिजिओ व प्रवास यांचा खर्च त्या काळात थांबत नाही. माझ्या मते आपल्या देशात मदतीची यंत्रणा नेमकी येथे कमी पडते. खेळाडू वर चढत असतो तेव्हा सत्कार आणि प्रायोजक दोन्ही येतात, आणि तो शस्त्रक्रियेनंतर घरी असतो तेव्हा त्याला क्रमवारीतील घसरणीचे कारण देऊन योजनेबाहेर ठेवले जाते.

नीलिमा (वणी) :

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. एक गोष्ट अजून कळली नाही. जुलै २०२४ मध्ये ६८ वा असलेला खेळाडू वर्षभरात दोनशेच्या बाहेर जातो, म्हणजे तो सगळेच सामने हरला का?

पूर्णाकाठ (दर्यापूर) :

सगळे हरला नाही, ताई. क्रमवारी नेहमी मागच्या ५२ आठवड्यांची असते. चेन्नईत फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेतेपदाचे मिळालेले गुण फेब्रुवारी २०२५ मध्ये आपोआप गळतात. ते टिकवायचे तर त्याच सुमारास तितकीच कामगिरी पुन्हा करावी लागते. मेलबर्नचे गुण जानेवारीत गळले, कारण २०२५ मध्ये तो तेथे पहिल्या फेरीत टॉमास माखाचकडून हरला. मग चेन्नईचे गेले, पुढे एप्रिलमध्ये मॉन्टे कार्लोचे आणि जूनमध्ये हाइलब्रॉनचे गेले. ज्या महिन्यांनी त्याला वर नेले त्याच महिन्यांत वर्षभराने तो खाली आला. पहिल्या वीसांतील खेळाडूकडे असे गुण अनेक स्पर्धांत विखुरलेले असतात, त्यामुळे एखादा वाईट महिना त्याला सोसतो. सत्तराव्या क्रमांकावरच्याला सोसत नाही.

पुसदकर (पुसद) :

येथवरची चर्चा उत्तम झाली, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध इस्लामाबादला डेव्हिस करंडकाची (देशोदेशींच्या पुरुष संघांच्या टेनिस स्पर्धेची) लढत होती आणि सुमितने त्यातून माघार घेतली. सप्टेंबरमध्ये स्वीडनविरुद्धही तो खेळला नाही. राष्ट्रीय संघटनेने तेव्हा जाहीरपणे सांगितले की त्याने वर्षाला पन्नास हजार डॉलर मानधन मागितले होते. देशाच्या संघासाठी खेळताना अशी रक्कम मागणे मला रुचत नाही. लिअँडर पेस डेव्हिस करंडकात क्रमवारीने कितीतरी वर असलेल्यांना हरवायचा आणि त्या सामन्यांनीच आमच्या पिढीला टेनिस पाहायला शिकवले.

काटोलचा (काटोल) :

पुसदकर भाऊ, पेसविषयी तुमच्या मनात जो आदर आहे तो माझ्याही मनात आहे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. इस्लामाबादची लढत हिरवळीवर होती, आणि हिरवळ त्याच्या खेळाला अजिबात मानवत नाही हे मी वर लिहिलेच आहे. स्वीडनच्या वेळी त्याने पाठीच्या दुखण्याचे कारण दिले होते. मानधन मागितल्याचे त्याने नाकारले नाही. खेळाडूला मोबदला देणे ही सर्वत्र रूढ पद्धत आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. डेव्हिस करंडकाच्या एका लढतीसाठी प्रवास, सराव आणि विश्रांती धरून दोन-तीन आठवडे जातात, आणि हिशेबनीस यांनी दाखवल्याप्रमाणे त्याच्यासारख्या खेळाडूचा प्रत्येक आठवडा विकत घेतलेला असतो. एखाद्या डॉक्टरने सरकारी शिबिरासाठी मानधन घेतले म्हणून आपण त्याच्या निष्ठेवर शंका घेत नाही.

आणि तो परतलाही. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बील येथे भारताने यजमान संघाला ३-१ असे हरवले. सुमितने एकेरीचे दोन्ही सामने जिंकले, त्यातला दुसरा निर्णायक होता. युरोपीय संघाला त्याच्या घरी हरवणे भारताला १९९३ मध्ये फ्रान्सविरुद्ध जमले होते, त्यानंतर थेट बत्तीस वर्षांनी. त्या वेळी तो क्रमवारीत शंभराच्या कितीतरी बाहेर होता.

पुसदकर (पुसद) :

बीलची लढत मीही पाहिली आणि तिचे श्रेय त्याला पूर्णपणे देतो. मानधन ही मागणी खेळाडू आणि संघटना यांच्यातच राहायला हवी होती, ती चव्हाट्यावर आणणे संघटनेला शोभले नाही, एवढे मला मान्य आहे. तत्त्वाबद्दलचे माझे मत तेवढ्यावरून बदलत नाही.

हिशेबनीस (अमरावती) :

नीलिमाताईंनी मुलीचा उल्लेख केला होता, म्हणून एकेरीव्यतिरिक्तचे मार्गही नोंदवतो. पहिला मार्ग दुहेरीचा. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांतून आलेला रोहन बोपण्णा एकेरीत फार वर गेला नाही, परंतु जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डेनसह ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून वयाच्या ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला. युकी भांब्री २०१८ मध्ये एकेरीत ८३ वा होता, गुडघ्याच्या दुखापतीनंतर तो दुहेरीकडे वळला. दुहेरीत बक्षिसे कमी असतात, पण कारकीर्द लांबते. सानिया मिर्झा एकेरीत २००७ साली २७ वी होती, मनगटाच्या शस्त्रक्रियांनंतर तिने एकेरी सोडली आणि २०१५ मध्ये दुहेरीत पहिला क्रमांक मिळवला.

दुसरा मार्ग अमेरिकेतील विद्यापीठांचा. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला, २००७ आणि २००८ असे सलग दोनदा तेथील राष्ट्रीय विद्यापीठ एकेरी विजेतेपद मिळवले आणि नंतर क्रमवारीत ६२ व्या स्थानापर्यंत गेला. बीलमध्ये पदार्पणातच जेरोम किमला हरवणारा दक्षिणेश्वर सुरेशही तिकडच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातला. शिष्यवृत्ती मिळाली तर चार वर्षे प्रशिक्षक, कोर्ट, फिजिओ आणि पदवी हे सगळे एकाच ठिकाणी होते, आणि जी वर्षे इतर मुले आयटीएफच्या स्पर्धांत घरचा पैसा घालवून काढतात ती सुरक्षितपणे निघून जातात. सुमितने हा मार्ग घेतला नाही. मला मात्र विदर्भातल्या मध्यमवर्गीय घरासाठी तोच अधिक शहाणपणाचा वाटतो.

नीलिमा (वणी) :

हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. वणीत कोर्ट एकच आहे आणि स्पर्धेसाठी नागपूर गाठावे लागते. आत्ता, बाराव्या वर्षी, नेमके काय करावे?

पूर्णाकाठ (दर्यापूर) :

ताई, अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या वयोगटांच्या स्पर्धा टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज आणि नॅशनल सिरीज अशा चढत्या पायऱ्यांनी असतात. पहिल्या दोन पायऱ्यांच्या स्पर्धा तुम्हाला जवळात जवळ जेथे मिळतील त्या घ्या, चौदा वर्षांखालील गटातही नाव द्या, आणि पुण्या-मुंबईला मुक्काम हलवण्याचा विचार सध्या करू नका. शालेय क्रीडा स्पर्धांतही लॉन टेनिस आहे. तेथे मुले थोडी असतात, त्यामुळे विभागीय पातळीपर्यंत सामने खेळायला मिळतात आणि पुढे दहावी-बारावीला क्रीडागुणांसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. शाळा मात्र सोडू देऊ नका, कारण अमेरिकेतील शिष्यवृत्तीसाठी तिथले प्रशिक्षक खेळाबरोबर गुणपत्रिकाही पाहतात.

तिची सर्व्हिस आत्ताच नीट बसवून घ्या. काटोलच्या भाऊंनी सुमितविषयी जे लिहिले ते डोळ्यांसमोर ठेवून, उंची किती वाढेल ते आज सांगता येत नसले तरी चेंडू वर फेकण्याची आणि दुसऱ्या सर्व्हिसला फिरकी देण्याची सवय या वयात लागते. मे महिन्यातल्या उन्हात दुपारी खेळवू नका, सकाळी सहाच्या आत कोर्टवर जा. प्रशिक्षक सर्व्हिस कशी शिकवतात याचा एखादा व्हिडिओ येथे टाकलात तर काटोलचे भाऊ आणि मी दोघेही पाहून लिहू.